नत्थुजी फिटरची फियाट

मी आयुष्यात सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर एका मोटारीला धक्का मारला. नोकरी केली, संसार केला, दोन-चार लग्नं जमवली. पण मोजायला बसलं तर धक्काच जास्त भरेल. मोटार माझी नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची होती. नत्थुजी त्यांचं नाव. मी त्यांना भाऊजी म्हणायचो. अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत ते फिटर होते आणि मी देवमन, त्याच फॅक्टरीच्या फाटकावर कापसाच्या गाड्या तोलायला होतो. आजही रस्त्यात कुठे मोटार बंद पडलेली दिसली की आधी माझे खांदे दुखतात, मग डोळ्यांना ती मोटार दिसते.

भाऊजींबद्दल फॅक्टरीत एक गोष्ट सगळे सांगत. जीनमधली सगळी यंत्रं एकदम धडधडत असली तरी कोणत्या यंत्राचं बेअरिंग कोरडं पडलं आहे, हे ते अंगणात उभे राहून ओळखत. मग आत जायचे, पेचकसाचं टोक यंत्रावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. माणसांशी मात्र त्यांचं फारसं बोलणं नसे. कुणाला काही विचारणं तर त्यांच्या स्वभावातच नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी तसंच जेवून उठायचे. अशा माणसाबरोबर राहणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. माझ्या बहिणीला विचारायला हवं होतं.

बहीण म्हणजे भागीरथा. मी तिला बाई म्हणायचो. आमची माय लवकर गेली, मला बाईनेच वाढवलं. ती पंधराव्या वर्षापासून जीनवर बसली. जीनवर बसणं म्हणजे दिवसभर यंत्रापुढे बसून त्याच्या तोंडात कापूस लोटायचा. सरकी खाली पडते, रुई पुढे जाते आणि उरलेली बारीक रुई हवेत उडत राहते. बाया तोंडाला पदर बांधून बसायच्या आणि संध्याकाळी पांढऱ्या भुवया घेऊन घरी जायच्या. बाईने हे वीस-बावीस वर्षं केलं. मग तिला दम लागला. दिवाळीला हंगाम सुरू झाला की छाती भरून यायची, पावसाळ्यात जरा मोकळी व्हायची. चोपन्न साली तिने काम सोडलं, पण दम्याने काही तिला सोडलं नाही.

तिची आणखी एक खोड होती. घरात दोन चांगल्या गाद्या होत्या, भाऊजींनी स्वतः निवडून आणलेल्या रुईच्या. तरी बाई सिंदीच्या चटईवर झोपायची. थंडीत अंगावर जुन्या लुगड्यांची गोधडी घ्यायची. मी तिला चिडवायचो, "बाई, सगळ्या दुनियेले आपण कापूस पुरवतो अन् तू चटईवर लोयते." ती म्हणायची, "मले गादी गरम होते." एवढ्यावर विषय संपायचा. आमच्या दृष्टीने तो तिचा हट्ट होता.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात फॅक्टरीचा मालक बदलला. नव्या मालकाने मागचं गोदाम रिकामं करायला सांगितलं आणि तिथे बारदानाच्या ढिगाखाली एक मोटार निघाली. लढाईच्या आधी कापूस खरेदीसाठी एक इटालियन साहेब अकोल्यात राहायचा, त्याची ती फियाट. इटली लढाईत उतरली तेव्हा पोलीस त्याला छावणीत घेऊन गेले. जाताना साहेबाने गाडी गोदामात लावली, किल्ली मुनीमजींच्या हातात दिली आणि महिनाभरात येतो म्हणाला. पंधरा वर्षं झाली, साहेब आला नाही. गाडीचे टायर कुजले होते, पत्र्याला गंज चढला होता, आणि उंदरांनी सीट खाऊन आत पिढ्यान्‌पिढ्या संसार थाटले होते.

मालक म्हणाला, भंगारवाल्याला बोलवा. तेवढ्यात भाऊजी पुढे झाले आणि म्हणाले, "मले द्या."

त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मालकानेही कधी ऐकलं नसावं, कारण त्याने लगेच चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी पुढे बैलजोडी आणि मागे मी, अशी ती फियाट आमच्या वस्तीत आली. त्या दिवशी जो धक्का सुरू झाला तो पुढे आठ वर्षं माझ्या पाचवीला पुजलेला राहिला.

बाई दारात आली. तिने गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हे कोठी ठेवता?"

"आंगनात."

"अन् मी वाळवण कोठी घालू?"

"टपावर," भाऊजी म्हणाले.

आणि खरोखर, पुढची सगळी वर्षं मिरच्या, कुरड्या आणि सांडगे त्या इटालियन गाडीच्या टपावर वाळत राहिले. पत्रा चांगला तापायचा. बाई म्हणायची, एवढा एक तरी उपयोग आहे.

इंजिन गंजून आवळून बसलं होतं. भाऊजींनी वरचे प्लग काढले आणि प्रत्येक भोकात घासलेट आणि तेल ओतलं. रोज कामावर जायच्या आधी ओतायचे, आल्यावर हँडल लावून जोर करून पाहायचे. हे दीड महिना चाललं. घरात घासलेटाचा वास, अंगणात घासलेटाचे डाग. एका संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हालली." एवढंच बोलून परत गेले. मी मागोमाग जाऊन पाहिलं. हँडल दोन बोटं सरकलं होतं.

पण गाडीचं वर्ष चार-पाच महिन्यांचंच असायचं. हंगाम सुरू झाला की फिटरला श्वास घ्यायला फुरसत नसते. होळीपर्यंत फियाट तशीच उघडी, पोटातलं सामान बारदानावर मांडून पडलेली. म्हणून आठ वर्षं लागली. त्यात जीनचा माणूस प्रत्येक दुखण्याला जीनचंच औषध देतो. पंख्याचा पट्टा त्यांनी जीनच्या चामडी पट्ट्यातून कापून शिवला. व्हॉल्व्ह घासायला जीनचीच पेस्ट. दारांच्या फटींना चामड्याच्या पट्ट्या. जे जीनमध्ये चालतं ते गाडीत चालायलाच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि पुष्कळदा ते चालायचंही.

मधल्या काळात जग कुठल्या कुठे गेलं. छप्पन साली दसऱ्याला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. घरातले देव बाईने स्वतःच्या हाताने टोपलीत घालून मोर्णा नदीत सोडले. सत्तावन्न साली त्यांच्या एकुलत्या एक पोरीचं, सत्यभामाचं लग्न झालं. बाळापूरच्या पलीकडे, सडकेपासून चार मैल आत एका खेड्यात तिला दिलं. एकोणसाठ साली इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि अंगणभर काळा धूर झाला. त्या धुराने बाई दोन दिवस खोकत होती. तेव्हापासून बाई शेजारी गेल्याशिवाय भाऊजींनी इंजिन कधी लावलं नाही. मागची धुराची नळी त्यांनी तीनदा उतरवून तीनदा झाळली.

बासष्टच्या फाल्गुनात सत्यभामाला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी, अकोल्यातच झालं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तोवर बाईने लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरी खायचं-प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. मी बाईला म्हणायचो, देव सोडले, उपास सोडले, मग हे कशाला धरून बसली? ती म्हणायची, "थे देवाचं नाई, थे लाजेचं हाय." आता लेकरू झालं, लाज फिटली, पण आता बाईला अंगणातून फाटकापर्यंत चालवत नव्हतं. एसटीची गर्दी, उभं राहणं, पुढे चार मैल बैलगाडी, हे काही तिला झेपणार नव्हतं.

ज्येष्ठात भाऊजी एकटेच लेकीला आणि नातीला पोहोचवून आले. तिथे पाणी प्याले, जेवले, दुसऱ्या दिवशी परतले. बाई वाटच पाहत होती.

"घर कसं हाय?"

"चांगलं हाय."

"चूल कोणत्या बाजूले हाय?"

भाऊजी विचारात पडले. "पायली नाई," म्हणाले.

"पानी कोठून आणते पोरगी?"

"इचारलं नाई."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं, आता ही बोलेल. पण ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि आतून म्हणाली, "पाच वर्सं मी त्या पोरीची चूल मनात मांडून पायते. तुमी तितं जेवून आले, अन् तुमाले चूल दिसली नाई."

नंतर ती खोकत बसली. भाऊजी अंगणात गेले. बऱ्याच वेळाने परत येऊन दारातून म्हणाले, "तुले दाखवतो. गाडीनं नेतो."

तोवर ती गाडी एका माणसाची हौस होती. पूर्ण झाली काय, नाही झाली काय, कुणाचं काही अडत नव्हतं. त्या दिवसापासून अडू लागलं. त्याच महिन्यात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हिचे आता फार हंगाम राहिले नाहीत. मी ते भाऊजींना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पाना उचलला.

कागदपत्रांपायी आम्ही अमरावतीला किती खेपा घातल्या, ते आठवलं तरी पाय दुखतात. गाडीचा मालक इटालियन, तो कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही, आणि नोंदणीच्या पुस्तकावर सही त्याची. फॅक्टरीच्या मालकाची चिठ्ठी, प्रतिज्ञापत्र, पुन्हा प्रतिज्ञापत्र. ते एकदाचं झालं, मग गाडीची तपासणी आली. अमरावतीहून मोटारींचा इन्स्पेक्टर महिन्यातून एक दिवस अकोल्याला यायचा. आम्ही गाडी मैदानावर नेली, म्हणजे निम्मी ती चालली आणि निम्मी मी ढकलली. इन्स्पेक्टरने ब्रेक दाबला. गाडी छान थांबली. पण मग ती हलेचना. चारही चाकं जाम. भाऊजींनी ब्रेकच्या नळ्यांमध्ये जीनचं मशीन-तेल भरलं होतं, तेलासारखं तेल. त्या तेलाने आतली रबरं फुगून बसली होती. इन्स्पेक्टर माणूस बरा होता, हसला नाही. म्हणाला, "मिस्त्री, ही गाडी आहे, जीन नाही." भाऊजी मान खाली घालून उभे राहिले. आम्ही चाकं मोकळी करून गाडी घरी आणेपर्यंत दिवस मावळला.

मग ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका सरदारजीने सांगितलं, ब्रेकमध्ये एरंडेल आणि स्पिरिट भरा. मुंबईहून टपालाने नवी रबरं आली. आश्विनात गाडी पास झाली. कागद हातात घेऊन भाऊजी घरी आले आणि तो त्यांनी बाईच्या पुढ्यात ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "मंग कवा निघाचं?"

निघायचं म्हणजे, सडकेपासून आतला चार मैल रस्ता काळ्या मातीचा. तो वाळून गाडी जाण्याजोगा व्हायला दिवाळी उलटली, आणि दिवाळी उलटली तर हंगाम सुरू झाला. फिटरला एक दिवसाची सुट्टी मिळेना. शिवाय आतल्या सीटचे नुसते स्प्रिंग होते. दम्याच्या बाईला त्यावर बसवून वीस मैल कसं नेणार? ठरलं की हंगाम संपला की चैत्रात जायचं. तो हिवाळा बाईला फार जड गेला. ती बसून झोपायची. मी रोज कामावरून येताना डोकावायचो, आणि आत तिच्या छातीचा आवाज ऐकू आला की मला बरं वाटायचं. आहे अजून, असं म्हणून घरी जायचो. लिहायला लाज वाटते, पण तसं होतं.

त्या हिवाळ्यात भाऊजींनी सीट भरल्या. म्हणजे भरल्या त्यांनी, पण माल माझा. मी म्हणालो, बाईला बसायचं आहे, जमिनीवरून झाडून काढलेली झाडणीची रुई नको. मालकाला विचारून मी एक नंबरची, पांढरीशुभ्र रुई निवडून पोत्यात भरून आणली. भाऊजींनी ती हाताने पिंजली, स्प्रिंगांवर थर दिले, वरून रेक्झिन ताणून पोती शिवायच्या दाभणाने शिवलं. पंधरा दिवस त्या शिवणीत गेले. मी बसून पाहिलं. मऊ होतं. मी म्हणालो, "भाऊजी, साहेबालेबी अशी सीट नसन भेटली." त्यांनी सीटवरून हात फिरवला आणि हसले.

ते इतकं कमी हसायचे, की ते हसणं मला अजून दिसतं.

त्रेसष्टच्या चैत्रात एका सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही निघालो. बाईने दीक्षेच्या वेळचं पांढरं पातळ नेसलं होतं. एका फडक्यात नातीसाठी चांदीचे वाळे, आणि काखेत गुंडाळलेली तिची चटई. मी म्हणालो, "बाई, पोरीच्या घरी गादी नाई का?" ती म्हणाली, "राहू दे." भाऊजींनी मागचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. उभ्या जन्मात त्यांनी तिच्यासाठी दार धरलेलं नव्हतं. आमच्या वस्तीत तशी पद्धतच नव्हती. बाई क्षणभर थांबली. मग आत बसली. मी पुढे बसलो, कारण हँडल मारणं आणि गरज पडली तर धक्का मारणं, हे माझं काम.

"काचा वर घ्या," भाऊजी म्हणाले. "धूळ येऊ देऊ नका."

गाडी सुंदर चालली. खरं सांगतो, त्या पहिल्या तीन मैलांत मला वाटलं की आठ वर्षांच्या धक्क्याचं सोनं झालं. भाऊजी मान किंचित तिरकी करून इंजिन ऐकत होते. कुठे खट् नाही, कुठे कुरकुर नाही. मी मागे पाहिलं. बाई ताठ बसली होती, नाकाला पदर लावलेला. मला वाटलं, लाजते आहे.

चौथ्या मैलाला रस्ता खराब लागला. प्रत्येक खड्ड्यात गाडी उसळायची आणि बाई त्या नव्या सीटवर आदळायची. तिला खोकला आला. साधा खोकला, मग मोठा, मग थांबेनाच. मी पुन्हा मागे वळलो. मागच्या काचेतून ऊन सरळ आत येत होतं, आणि त्या उन्हात रुई उडत होती. शिवणीच्या भोकाभोकातून निघून, बारीक, पांढरी, सगळ्या गाडीभर. काचा बंद होत्या. ती उडती रुई मी वीस वर्षं जीनच्या दारातून पाहिलेली होती. त्या रुईत तोंडाला पदर लावून बसलेली बाईही वीस वर्षं पाहिलेली होती.

"थांबवा," मी म्हणालो.

आम्ही तिला उचलून बाहेर आणलं. एवढीशी झाली होती. रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसवलं. ती दोन्ही हात जमिनीला टेकून श्वास ओढत होती आणि तो आत जात नव्हता. मी पाठ चोळत राहिलो. भाऊजी धावत गाडीमागे गेले, उपडे पडून धुराच्या नळीला कान लावला, सांधे हाताने चाचपले, हात भाजून घेतला. मग उठून आले.

"धूर कोठूनच नाई," म्हणाले. "मी पायलं."

"धूर नाई, भाऊजी," मी म्हणालो. "रुई हाय."

त्यांना आधी कळलंच नाही. ते गाडीकडे गेले, दार उघडलं आणि सीटवर एक थाप मारली. पांढरं उडालं. पुन्हा एक मारली. मग ते तसेच उभे राहिले, आत वाकून, पाठ आमच्याकडे करून. रुई मी आणली होती. एक नंबरची.

बऱ्याच वेळाने बाईचा श्वास जरा ठिकाणावर आला. तेव्हा भाऊजींनी हत्यारांच्या पेटीतून पटाशी काढली आणि ते सीट फाडू लागले. पंधरा दिवसांची शिवण पाच मिनिटांत गेली. मुठी भरभरून ते रुई बाहेर फेकत होते आणि वारा ती शेजारच्या वावरात नेत होता. नांगरून पडलेल्या काळ्या जमिनीवर कापूस वेचायचा राहून गेल्यासारखं दिसत होतं. सगळं निघालं, तेव्हा त्यांनी ओल्या फडक्याने गाडी आतून पुसली, कोपरा न् कोपरा. काचा खाली केल्या. दारांच्या चामडी पट्ट्याही उपटून टाकल्या.

"माघारी जाऊ," ते म्हणाले.

बाईने मान हलवली. बोलायला तिला थोडा वेळ लागला. "माही चटई टाका त्याच्यावर," म्हणाली.

भाऊजींनी डिकीतली फळी स्प्रिंगांवर ठेवली आणि चटई उलगडली. चटई हातात धरून ते थांबले. मग तिच्याकडे न पाहताच म्हणाले,

"तुले ठाऊक होतं?"

"बसल्याबरोबर वास आला."

"मंग बोलली काऊन नाई?"

बाई म्हणाली, "तुमी दार धरून उभे होते."

मी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. खेड्यात गाडी आलेली पाहून सगळे जमले. सत्यभामा आपल्या लेकीला कडेवर घेऊन धावत आली. तिने तांब्यातून पाणी आणलं. बाई ते सगळं प्याली आणि रिकामा तांब्या मांडीवरच धरून बसली. मग भिंतीला हात लावत आत गेली. लेकीची चूल पाहिली, उतरंड पाहिली, माठ कुठे आहे ते पाहिलं. भाऊजी तिच्या मागोमाग आत गेले होते. बाई त्यांना म्हणाली, "चूल उगवतीले हाय. पाहून घ्या. आता कोणी इचारलं तर सांगता येईन."

भाऊजी चुलीपाशी उभे होते. धुराने काळी झालेली भिंत त्यांनी हाताने चाचपली. मग लेकीला म्हणाले, "सत्यभामे, तुले काही होते काय, या धुरानं?"

त्यांनी कुणाला असं विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पोरगी गोंधळली. मग म्हणाली, "डोये चुरचुरते, बाबा. सकायी छाती दुखते थोडी." भाऊजींनी गाडीतून पटाशी आणि हातोडी आणली, जावयाची परवानगी घेतली आणि चुलीवरच्या मातीच्या भिंतीत हातभर खिडकी पाडली. बाई चटईवर बसून, नातीला मांडीवर घेऊन, ते पूर्ण होईपर्यंत पाहत होती.

बाई पुढच्या हंगामात, पौषात गेली.

भाऊजी गाडी चालवत राहिले. महिन्यातून एकदा लेकीकडे जायचे. मी बरोबर असायचो, आणि आतली सीट तशीच, फळी आणि त्यावर चटई. पासष्ट साली बाजारात एका गादीवाल्याने गाडीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "मिस्त्री, असं काऊन ठेवलं? एक नंबरची रुई भरून देतो, आपल्या वऱ्हाडात रुईले काय तोटा हाय?" भाऊजी नको म्हणाले. तो मागेच लागला, तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं.

"तीस वर्सं थे माह्या घरात चटईवर झोपली," ते म्हणाले. "मी रोज पायलं. काऊन झोपते, हे एकदाबी इचारलं नाई."

गादीवाल्याला काही कळलं नाही. तो निघून गेला. भाऊजींनी किल्ली फिरवली, पण गाडी सुरू झाली नाही. मी खाली उतरलो आणि मागे जाऊन उभा राहिलो. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर तिचा भाऊ होतो. मी खांदा लावला आणि धक्का मारला.